प्रश्नचिन्हाला कोड नसतो

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, त्यांच्या हाताखालचे रेसिडेंट आणि पॅथॉलॉजिस्ट मंडळी, सगळ्यांना सप्रेम नमस्कार,

मी मेडिकल कोडर आहे. म्हणजे तुम्ही पेशंट तपासता, चार ओळी लिहिता, पुढच्या पेशंटकडे वळता, आणि मग त्या चार ओळी वाचून त्याला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, कोड लावायचं काम आमच्यासारख्यांचं, ज्यांनी त्या बाईला कधी बघितलेलं पण नसतं. नऊ वर्षं हेच करतेय, त्यातली शेवटची पाच फक्त गायनॅकचे चार्ट. त्यामुळे तुमच्यापैकी कितीतरी जणांचं अक्षर मी ओळखते, चेहरा नाही ओळखत. माझ्या क्वेरी, म्हणजे नोंदीतली शंका विचारणाऱ्या चिठ्ठ्या, तुम्हाला येतात तेव्हा तुम्ही वैतागता हे पण माहितीये, एकाने तर उत्तरात फक्त "चार्ट नीट वाचा" असं लिहून पाठवलं होतं, आणि चार्ट मी तोपर्यंत तीनदा वाचला होता.

आज कॅन्सरबद्दल लिहायला बसलेली नाही, त्याच्यावर सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते गर्भाशयाच्या तोंडाच्या साध्यासुध्या गोष्टींबद्दल. सूज, इरोजन, पॉलिप, नाबोथियन सिस्ट, जुनी फाटलेली जागा, सौम्य डिस्प्लेझिया (पेशींमधला कॅन्सर नसलेला बदल). यातलं काहीच सहसा जीव घेणारं नाही, म्हणून तुम्ही ते लिहिताना फार विचार करत नाही, आणि नेमका तिथेच सगळा घोळ होतो.

माझ्या मावशीचं सांगते. तिला अंगावरून पांढरं जात होतं, मधेच एकदोनदा लाल डाग. तिने वर्षभर अंगावर काढलं, मग आम्ही ओढत नेलं. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये, नाव सांगत नाही कारण नावाचा प्रश्नच नाही, कुठेही हेच झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, शांतपणे समजावून सांगितलं, दिवसभरासाठी ऍडमिट करून बायोप्सी घेतली, संध्याकाळी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, पी/एस सर्व्हिक्स हायपरट्रॉफाइड, इरोजन प्लस, ब्लीड्स ऑन टच, म्हणजे गर्भाशयमुख मोठं झालेलं, लालसर, हात लावला की रक्त, आणि खाली डायग्नोसिसच्या ओळीत प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे सीए सर्व्हिक्स, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल का अशी शंका. आठ दिवसांनी हिस्टोचा, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याचा, रिपोर्ट आला. क्रॉनिक सर्व्हिसायटिस (गर्भाशयमुखाची जुनी सूज), नाबोथियन सिस्ट, स्क्वेमस मेटाप्लेझिया, डिस्प्लेझिया नाही, मॅलिग्नन्सी नाही. डॉक्टर म्हणाल्या काही नाही हो, गोळ्या घ्या, आणि मावशी बरी झाली. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

चार वर्षांनी पित्ताशयाचे खडे झाले म्हणून ती त्याच हॉस्पिटलमध्ये सर्जरीला गेली. रात्री एक पोरगेलासा रेसिडेंट हिस्टरी घ्यायला आला, स्क्रीनवर बघून अगदी प्रेमाने विचारलं, "मावशी, रेडिएशन किती वेळा घेतलं होतं?" मावशी म्हणाली कसलं रेडिएशन. तो म्हणाला, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता ना तुम्हाला?

त्या रात्री ती झोपली नाही. आणि तिला काय वाटलं माहितीये? तिला वाटलं घरच्यांनी लपवलं. की तिला कॅन्सर होता, आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि "गोळ्या घ्या, बऱ्या व्हाल" हे नाटक होतं. पहाटे तिने मला फोन करून विचारलं, "खरं सांग, तुला तर सगळं कळतं यातलं." मी तिला जुना हिस्टो रिपोर्ट शोधून फोनवर वाचून दाखवला, मराठीत करून सांगितला, तरी तिच्या मनातून ते पूर्ण गेलंय असं मला आजही वाटत नाही.

नंतर मी ती फाइल कुणाकुणाला विनंती करून बघितली. कोड होता सी५३.९. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, जागा अनिर्दिष्ट. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ज्या कोडरने तो लावला त्याची चूक नव्हती, त्याने नियम पाळला होता.

हा नियम तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून जरा सविस्तर सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० चा जो दुसरा खंड आहे, सूचनांचा, त्यात म्हटलंय की उपचाराचा एक टप्पा संपला आणि तरीही मुख्य आजार "सस्पेक्टेड", "क्वेश्चनेबल" असाच लिहिलेला राहिला, आणि दुसरी काही माहिती किंवा खुलासा नाही, तर तो आजार आहे असंच धरून कोड करायचा. आहे असंच धरून! ऍडमिट पेशंटसाठी अमेरिकेतला नियमही साधारण असाच, ओपीडीसाठी मात्र त्यांनी उलटा केलाय, तिथे "प्रोबेबल", "रूल आऊट" (म्हणजे नाही ना ते बघा) वगैरे असेल तर तो आजार कोड करायचाच नाही, लक्षण कोड करायचं. म्हणजे तेच प्रश्नचिन्ह एका कागदावर कॅन्सर होतं आणि दुसऱ्या कागदावर पांढरं जाणं होतं, पण प्रश्नचिन्ह म्हणून ते कुठेच उरत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यासाठी रकानाच नाहीये. तुम्ही मनातली शंका लिहिता, आम्ही तिचं एकतर हो करतो नाहीतर नाही करतो.

मावशीच्या केसमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर कुणीतरी त्या कार्डावर एक ओळ टाकली असती, "फायनल डायग्नोसिस क्रॉनिक सर्व्हिसायटिस", तर कोड झाला असता एन७२, आणि फाइल कायमची वेगळ्या प्रकरणात गेली असती. बायोप्सीत काहीच सापडलं नसतं तरी सोय आहे, झेड०३.१, कॅन्सरचा संशय होता, तपासलं, निघाला नाही. अख्खा कोड आहे त्याच्यासाठी! माझ्या पाच वर्षांत तो लावण्यासारखं स्वच्छ लिहिलेले चार्ट मी बोटांवर मोजू शकते. बायोप्सी घेतल्याच्या दिवशीच डिस्चार्ज होतो, कार्ड त्याच दिवशी टाइप होतं, रिपोर्ट नंतर येतो आणि तो बाईच्या हातात जातो, कार्डापर्यंत पोचतच नाही. तुमच्या डोक्यात निदान बदललेलं असतं, तोंडाने सांगून झालेलं असतं, फक्त कागदावर जुनंच राहतं, आणि आमच्यापर्यंत फक्त कागद पोचतो.

अक्षरांचं थोडं सांगते, कारण रेसिडेंट मुलांना वाटतं कोड म्हणजे नुसते आकडे. पहिलं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. एन म्हणजे मूत्र आणि जननमार्गाचे आजार, आपले बहुतेक सगळे साधे प्रकार इथे. सी म्हणजे कॅन्सर. डी च्या पहिल्या भागात इन सिटू, म्हणजे अजून आत न पसरलेला कॅन्सर, आणि बिनधोक गाठी. आर म्हणजे लक्षणं आणि तपासणीत सापडलेलं काहीबाही. झेड म्हणजे आजार नसताना आलेलं माणूस, उदाहरणार्थ नुसत्या स्क्रीनिंगला आलेली बाई, झेड१२.४. तुमचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की बाई एका अक्षरातून दुसऱ्यात जाते, आणि पुढे जो कुणी ती फाइल उघडतो, ऍनेस्थेटिस्ट असो, इन्शुरन्सवाला असो, नाहीतर तो रात्रीचा रेसिडेंट, तो आधी ते अक्षर बघतो, तुमची नोट वाचायला कुणाला वेळ असतो.

आता इरोजन. या शब्दावर माझा फार राग आहे, आणि तुम्हालाही तो आवडत नसणार कारण तुम्हाला माहितीये की तिथे झिजलेलं काहीच नसतं. मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं वाचून जे कळलं ते असं की गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूचं अस्तर पातळ, एकाच थराचं, लालसर, आणि बाहेरच्या बाजूचं जाड, बऱ्याच थरांचं, फिकट गुलाबी. इस्ट्रोजेन वाढलं की, वयात येताना, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर, आतलं अस्तर जरा बाहेर डोकावतं. ते लाल दिसतं, बोट लागलं की रक्त येतं. पूर्वीच्या लोकांना वाटलं वरचं कातडं गेलंय, म्हणून इरोजन म्हणाले. आता त्याला एक्ट्रोपियन म्हणतात, ती बहुतेक वेळा शरीराची नेहमीची अवस्था असते आणि त्रास नसेल तर काही करायलाही लागत नाही. पण चार्टवर अजून "इरोजन प्लस" आणि बाईला मराठीत काय सांगितलं जातं? "पिशवीच्या तोंडाला जखम आहे." जखम! बाई घरी जाऊन सांगते जखम झालीये, सासू विचारते कशाने झाली, आणि पुढचं तुम्हाला कल्पना करता येईल. जखम म्हटलं की ती भरायला पाहिजे, भरली नाही तर चिघळणार, चिघळली तर कॅन्सर, अशी साखळी लोकांच्या डोक्यात आपोआप तयार होते. "आतलं अस्तर जरा बाहेर आलंय, होतं असं" इतकं म्हणायला किती वेळ लागतो?

कोडिंगच्या बाजूने बघाल तर एक्ट्रोपियन आणि इरोजन दोन्ही एकाच ठिकाणी, एन८६. पण गंमत अशी की सोबत सूज असेल, म्हणजे सर्व्हिसायटिस असेल, तर एन८६ लावायचाच नाही, तेव्हा फक्त एन७२, कारण त्याच्या व्याख्येतच लिहिलंय, इरोजन किंवा एक्ट्रोपियन असो वा नसो. दोन्ही एकत्र लावले तर ऑडिटमध्ये मार पडतो. म्हणून आम्ही क्वेरी टाकतो, "सर्व्हिसायटिस आहे का?", आणि तुम्हाला वाटतं ही बाई क्लिनिकल प्रश्न विचारायला कोण लागून गेली. अहो, मला निदान करायचं नाहीये, मला फक्त दोनपैकी एक दार उघडायचंय आणि किल्ली तुमच्याकडे आहे.

आणि सर्व्हिसायटिस आहे म्हणालात तर कशामुळे ते पण लिहा, जर कळलं असेल तर. क्लॅमिडिया निघाला तर तो एन मध्ये राहतच नाही, संसर्गाच्या ए मध्ये जातो, ए५६.० होतो, गोनोरिया ए५४.०, ट्रायकोमोनास ए५९.०, हर्पीस ए६०.०. इथे नुसतं कोडिंग नाहीये बघा, जिथे जंतू कळलाय तिथे नवऱ्याला पण औषध द्यायचं असतं बहुतेक वेळा, आणि तुम्ही लॅबचा रिपोर्ट वाचून औषध बरोबर दिलेलं असतं, पण डायग्नोसिसच्या ओळीत मात्र "सर्व्हिसायटिस". पुढच्या वेळी तीच बाई तोच त्रास घेऊन आली तर समोरच्या डॉक्टरला काय कळणार.

गाठ हा आणखी एक शब्द. मराठीत गाठ म्हटलं की फायब्रॉइडही गाठ, पॉलिपही गाठ, नाबोथियन सिस्टही गाठ आणि कॅन्सर पण गाठच. बाईशी बोलताना तुम्ही गाठ म्हणता ते ठीक आहे, दुसरा शब्द तरी कुठला वापरणार, पण कागदावर "मास" किंवा "ग्रोथ ओव्हर सर्व्हिक्स" लिहिलं की आमची पंचाईत होते. नाबोथियन सिस्ट म्हणजे तोंड बंद झालेल्या ग्रंथीत साठलेला चिकट द्रव, असंख्य बायकांना असते, एन८८.८ मध्ये जाते. (जुन्या आयसीडी-९ मध्ये ती सर्व्हिसायटिसच्याच पोटात होती, ६१६.० मध्ये, त्यामुळे जुने कोडर अजून हात तिकडेच नेतात.) साधा म्यूकस पॉलिप एन८४.१, आणि इथे "सर्व्हायकल" हा शब्द विसरून नुसतं "युटेराइन पॉलिप" लिहिलंत की तो एन८४.० ला, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत जाऊन बसतो, आणि पुढचा वाचणारा विचारतो, मग हिस्टेरोस्कोपी, म्हणजे आतून दुर्बिणीने तपासणी, कुठेय? नुसतं "पॉलिप" असेल तर एन८४.९, म्हणजे कुठलातरी, कुठेतरी. आणि खरोखरच बिनधोक ट्यूमर असेल तर डी२६.०. चार वेगळ्या गोष्टी आहेत या, एका "ग्रोथ" मध्ये कोंबू नका.

जाता जाता डी३९.० बद्दल. त्याचं नाव अनसर्टन बिहेवियर असं आहे म्हणून नवीन कोडर, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टर सुद्धा, समजतात की रिपोर्ट यायचाय, नक्की माहीत नाही, म्हणजे अनसर्टन, लावा. चुकीचं आहे! तो कोड निओप्लाझमसाठीच, म्हणजे खऱ्या गाठीसाठीच आहे, पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून सांगितलं की ही गाठ पुढे कशी वागेल ते ठरवता येत नाही, तर. रिपोर्टची वाट बघणं हे गाठीचं वागणं नव्हे.

आता पॅथॉलॉजिस्ट मंडळींकडे वळते, तुम्हाला वाटलं असेल तुमची सुटका झाली.

पॅप स्मिअर हा पेशींचा नमुना आणि बायोप्सी हा तुकडा, हा फरक तुम्हाला मी सांगायचा म्हणजे अतीच झालं. पण कोडिंगमध्ये या फरकावर सगळं उभं आहे. स्मिअरमध्ये काही वेगळं दिसलं तर ते आर८७.६, म्हणजे सापडलेली गोष्ट, आजार अजून ठरलेला नाही. बायोप्सीने सिद्ध झालं तरच डिस्प्लेझिया, एन८७. अमेरिकन आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलंय की तुकडा तपासून खात्री न झालेला स्मिअरचा निकाल एन८७ मध्ये घालू नका. पण होतं काय, स्मिअरला एलएसआयएल, म्हणजे पेशींतला सौम्य बदल, आलं की ओपीडीच्या कागदावर "माइल्ड डिस्प्लेझिया" लिहिलं जातं, बाईला आजार चिकटतो, मग कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून तपासणी) होते, बायोप्सी होते, ती नॉर्मल येते, आणि फाइलमध्ये एन८७.० तसाच. तीच मावशीची गोष्ट, फक्त अक्षर वेगळं.

त्याच्यापेक्षा अवघड एचएसआयएल, म्हणजे पेशींतला जास्त बदल. पूर्वी सीआयएन एक, दोन, तीन अशी डिस्प्लेझियाच्या पायऱ्यांची भाषा होती, आमच्यासाठी सोपी, सीआयएन एक म्हणजे एन८७.०, दोन म्हणजे एन८७.१, आणि तीन म्हणजे थेट डी०६, कार्सिनोमा इन सिटू. स्मिअरसाठी १९८८ मध्ये बेथेस्डा पद्धत आली तिने दोनच पायऱ्या केल्या, लो आणि हाय, आणि २०१२ पासून बायोप्सीलाही तीच दोन पायऱ्यांची भाषा वापरायची शिफारस झाली. तुमच्या दृष्टीने बरोबरच असेल, दोन आणि तीन मधली रेषा दोन पॅथॉलॉजिस्टना एकाच ठिकाणी दिसत नाही असं मी वाचलंय. पण आयसीडीने ती रेषा अजून जपून ठेवलीये, आणि साधीसुधी नाही, एका बाजूला एन आणि दुसऱ्या बाजूला डी! बायोप्सी रिपोर्टवर तुम्ही नुसतं "एचएसआयएल" लिहून सोडलंत की मला कळत नाही ही बाई मध्यम डिस्प्लेझियावाली आहे की इन सिटू कार्सिनोमावाली. मी ठरवू शकत नाही, मला ठरवायची परवानगी नाही, आणि मी ठरवावं असं तुम्हालाही वाटत नसणार. एचएसआयएल च्या शेजारी कंसात सीआयएन दोन की तीन एवढं टाका. तीन अक्षरं आणि एक आकडा. पी१६ नावाची तपासणी केलेली असते, दोन की तीन ते तुम्हाला माहीत असतं, बऱ्याच ठिकाणी टाकतातही, मी ज्यांना म्हणतेय त्यांना कळलं असेल.

आणि स्क्वेमस मेटाप्लेझिया हे शेवटच्या इम्प्रेशनमध्ये ठळक अक्षरात लिहू नका हो प्लीज. वर्णनात लिहा. ते एका अस्तराचं दुसऱ्यात नेहमीचं रूपांतर आहे, आजार नाही, पण "प्लेझिया" ने संपणारा शब्द बघितला की बाईचा मुलगा गुगल करतो आणि घरात रडारड सुरू होते. मी स्वतःच्या मावशीच्या घरात बघितलीये.

थोडं विनोदाचं पण आहे. "सर्व्हायकल" या शब्दाला दोन घरं आहेत, एक मान आणि एक गर्भाशयाचं तोंड, कारण लॅटिनमध्ये दोन्हीला मानच म्हणतात. आपल्याकडे तर "मला सर्व्हायकल आहे" म्हटलं की हात मानेकडेच जातो. आता विचार करा, चार्टवर लिहिलंय "सर्व्हायकल स्टेनोसिस", म्हणजे अरुंद झालंय. नुसतं एवढंच, कारण दुसऱ्या विभागातून रेफर होऊन आलेली बाई. मणक्याचा असेल तर एम४८.०, गर्भाशयमुखाचा असेल तर एन८८.२. बाईचं वय साठच्या पुढे, दोन्ही होऊ शकतं! सॉफ्टवेअर बिनधास्त मान सुचवतं. हसू येतं, पण त्यावरून अप्रूव्हल मागितलं गेलं की मानेसाठी सर्व्हायकल डायलेटेशन का, असा प्रश्न समोरून येतो आणि क्लेम परत.

एन८८.३ चं नाव आहे इनकॉम्पिटन्स ऑफ सर्व्हिक्स युटेराय. जिचं बाळ पाचव्या महिन्यात गेलंय तिच्या कागदावर आपण "असमर्थ" लिहितो. तुम्ही बोलताना हल्ली इन्सफिशियन्सी म्हणता ते बरं आहे, तसंच लिहिलंत तरी आम्ही कोड तोच लावू, कागद तरी जरा माणुसकीने बोलेल. आणि लक्षात ठेवा, हा कोड गरोदर नसलेल्या बाईसाठी. गरोदर असेल तर गरोदरपणाच्या ओ मध्ये, ओ३४.३. किंबहुना गरोदर बाईचं सगळंच ओ मध्ये आधी जातं, पॉलिप असेल, स्ट्रिक्चर असेल, ओ३४.४. त्यामुळे चार्टवर ती गरोदर आहे हे कुठेतरी लिहिलेलं असू द्या, फक्त सोनोग्राफीच्या रिपोर्टात सापडेल असं नको.

आमच्या बाजूचं पण कबूल करते, नाहीतर म्हणाल ही फक्त आम्हालाच झोडपतेय. आम्ही एन८८.९ लावतो. अनस्पेसिफाइड. वेळ नाही, टार्गेट आहे, क्वेरीचं उत्तर आठवडाभर येत नाही, मग "गर्भाशयमुखाचा कुठलातरी सूज नसलेला विकार" असा कोड मारून फाइल बंद करतो. ड्रॉपडाऊनमध्ये जे वर दिसतं ते निवडणारे आमच्यात आहेत. मागच्या व्हिजिटचा कोड तसाच उचलून पुढे चिकटवणारे आहेत, आणि मावशीचा सी५३.९ चार वर्षं जिवंत राहिला तो कॉपी पेस्टमुळेच, मधल्या तीन व्हिजिट शुगर आणि बीपीच्या होत्या, तरी प्रत्येक वेळी तो सोबत आला. संपलेल्या गोष्टीसाठी हिस्टरीचे वेगळे कोड असतात, बरा झालेला कॅन्सर सुद्धा सी मध्ये ठेवायचा नसतो, झेड८५.४ मध्ये टाकायचा, आणि इथे तर कधी झालेलाच नव्हता. ही चूक पूर्ण आमची.

कधी कधी मला या यादीचंच आश्चर्य वाटतं. १८९३ मध्ये बर्टिलॉन नावाच्या फ्रेंच माणसाने माणसं कशाने मरतात ते मोजायला यादी केली, आयसीडीचं मूळ ते. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेने ती हातात घेतल्यावर, जिवंत माणसांचे आजार पहिल्यांदा त्यात आले. म्हणजे आधी मेलेल्यांसाठी होती, मग जिवंतांसाठी वाढवली. अंगावरून पांढरं जाणाऱ्या बाईला त्यात जागा मिळायला अर्धं शतक लागलं. आता आयसीडी-११ आलीये, २०२२ च्या १ जानेवारीपासून लागू, आणि तिच्यात निदान प्रोव्हिजनल आहे असं जोडकोडाने सांगायची सोय आहे, म्हणजे प्रश्नचिन्हाला शेवटी जागा मिळालीये म्हणायची. पण जोडकोड लावायचा तर ते प्रोव्हिजनल होतं हे आणि नंतर फायनल काय झालं हे लिहायचं काम तुमच्याकडेच राहणार, आणि आम्ही तर अजून दहावरच आहोत.

मला माहितीये तुम्हाला वेळ नाही. ओपीडीत बाहेर रांग असते, लेबर रूममधून बोलावणं येतं, रेसिडेंट सलग किती तास जागा असतो ते त्याचं अक्षर बघून मला कळतं, रात्री तीनच्या नोटा वेगळ्याच दिसतात. म्हणून मी नवीन फॉर्म भरा म्हणत नाहीये. बायोप्सीचा रिपोर्ट ज्या दिवशी बाईला सांगता त्याच दिवशी एक ओळ जुन्या कार्डाच्या डायग्नोसिसखाली टाका, तारखेसकट. रूल आऊट झालं असेल तर "रूल्ड आऊट" असा भूतकाळ लिहा, "रूल आऊट" आणि "रूल्ड आऊट" मध्ये आमच्यासाठी जमीन अस्मानाचा फरक आहे. काहीच ठरलं नसेल तर लक्षण लिहा, आणि नीट लिहा, संबंधानंतर रक्त येत असेल तर तसं, कारण त्याला स्वतःचा कोड आहे, एन९३.०, नुसतं "ब्लीडिंग" लिहिलं की ते कुठल्याही रक्तस्रावात मिसळून जातं आणि जी खूण तुम्हाला सगळ्यात आधी बघायची असते तीच पुसली जाते. बाई ते सांगताना किती लाजून, दारावरचा पडदा ओढून घेऊन सांगते, आणि आपण ते एका शब्दात गिळून टाकतो.

मावशीची फाइल दुरुस्त झाली का? अर्ज दिला, हिस्टो रिपोर्ट जोडला, ज्यांनी बायोप्सी घेतली होती त्या डॉक्टर आता तिथे नाहीत, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी बघून दुरुस्तीची नोट टाकली. आता एन७२ दिसतो. पण जुनी नोंद पुसता येत नाही, नियमच आहे, आणि तो नियम चांगल्यासाठीच आहे, त्यामुळे खाली स्क्रोल केलं की सी५३.९ अजून तिथेच आहे, फिकट अक्षरात, त्याच्यावरून एक आडवी रेघ. मावशीला मी ते दाखवलं नाही.

तुमची,
रोज क्वेरी पाठवणारी एक कोडर

ता.क. ते "सर्व्हायकल स्टेनोसिस" मी काल्पनिक उदाहरण म्हणून दिलेलं नाही. तो चार्ट तेरा दिवस झाले माझ्या स्क्रीनवर उघडाच आहे. ज्यांचा असेल त्यांनी वाचत असाल तर फक्त एवढं कळवा, मान की पिशवीचं तोंड?